सवाष्णीची गादी

गेल्या महिन्यात माझ्या नातीचा, मृणालचा, परदेशातून फोन आला. पाठ धरली होती. तिकडे तिला सगळ्यांनी सांगितलं होतं की कठीण स्प्रिंगची गादी घे.

"आजी, तू तर यातलीच. घेऊ का?"

"आधी सांग, झोपतेस कशी?"

"डोळे मिटून."

हा विनोद तिच्या बापाकडून आला आहे. मी तिला जे विचारायचं ते विचारलं, जे सांगायचं ते सांगितलं आणि फोन ठेवला. मग वाटलं, मृणालला आणि तिच्या भावाला, रोहनला, आपल्या आजीनं लग्नाआधी आणि नंतरही काही वर्षं गाद्यांच्या कारखान्यात नोकरी केली एवढंच ठाऊक आहे. तिथं नेमकं काय काम करायची, ते कोणी कधी विचारलं नाही. आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकाला दरवर्षी माझ्याकडून काहीतरी हवं असतं. दोघांना मराठी अजून वाचता येतं. तेव्हा हे त्यांच्यासाठीच लिहिते आहे. इतरांनी वाचलं तर हरकत नाही.

मी इंग्रजी घेऊन बी.ए. झाले ते पन्नासच्या दशकात. आमच्या बेंगळूरच्या जुन्या मराठी घरांतून मुलगी शिकली की शाळेत शिकवायला लागायची. मला कँटोन्मेंटमधल्या एका गादी कारखान्यात जागा मिळाली. कारखाना मागं, दुकान पुढं. आधी त्यांचं गिऱ्हाईक म्हणजे हॉटेलं, क्लब आणि एक-दोन दवाखाने. मग घरोघरी स्प्रिंगच्या गाद्या घ्यायची हौस आली आणि अडचण सुरू झाली. गादी घ्यायची तर तिच्यावर पडून बघावं लागतं. पुरुष बूट बाहेर लोंबकळत ठेवून खुशाल पडायचे. बायका कशा पडणार? भर दुकानात, चार विक्रेत्यांसमोर? त्या पदर सावरून बाजूला उभ्या राहायच्या आणि नवरा स्वतःच्या अंगानं दोघांची गादी पसंत करायचा.

"तिला चालेल ना?" असं मालकांनी विचारलं तर उत्तर ठरलेलं. "तिला काय, तिला सगळं चालतं."

आणि महिन्याभरात गादी परत यायची. तिला चाललेली नसायची.

म्हणून मालकांनी इंग्रजी, कन्नड आणि मराठी येणारी, घराघरात जाऊन बायकांना नीट विचारू शकेल अशी बाई नेमायचं ठरवलं. माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणायचो, ते ऐकून म्हणाले, "बी.ए. करून लोकांना निजवायची नोकरी? ते तर तुझी आजी न शिकता करायची." पण जाऊ दिलं.

काम काय होतं ते सांगते. स्प्रिंगची गादी आतून साधी असते. डमरूच्या आकाराच्या स्प्रिंगा ओळीनं उभ्या केलेल्या, एकमेकींना तारेनं बांधलेल्या. कडेनं जाड तारेची चौकट. वर गोणपाट, त्यावर काथ्याचा थर, त्यावर कापूस, आणि सगळ्यावर पट्ट्यापट्ट्यांचं जाड कापड. स्प्रिंगची तार जाड असेल तर गादी कठीण, बारीक असेल तर मऊ. लोक येऊन मुठीनं दाबून बघतात. त्यानं काही कळत नाही. मूठ म्हणजे माणूस नव्हे.

माणूस उताणा झोपत असेल तर त्याला पडायला सांगायचं आणि कमरेखाली हात सरकवायचा. हात आरपार सहज गेला तर गादी त्याला फार कठीण. कंबर अधांतरी राहते आहे. शिरलाच नाही तर फार मऊ. थोडा अडत अडत गेला की बरोबर. पालथा झोपणारा असेल तर कठीणच द्यावी, नाहीतर पोट खाली जातं आणि कण्याची कमान होते. वजनदार माणसालाही कठीण. कुशीवर झोपणाऱ्याचं मात्र वेगळं. त्याचा सगळा भार खांद्यावर आणि खुब्यावर. तिथं गादीनं थोडं खाली बसून हाडाला जागा दिली पाहिजे. अंगानं बारीक माणूस, कुशीवर झोपणारा, आणि कठीण गादी, हे तिन्ही एकत्र आलं की हाताला मुंग्या आणि खुब्याला कळ. मागं उभं राहून बघायचं: मानेपासून माकडहाडापर्यंत कणा सरळ आला तर गादी त्याची.

एक निवृत्त मेजर होते. त्यांना सगळ्यात कठीण गादी दाखवली तरी म्हणायचे, "याहून कठीण?" शेवटी मालक म्हणाले, "साहेब, याहून कठीण म्हणजे टेबल. ते शेजारच्या दुकानात मिळेल." एका लग्नाच्या खरेदीत नवऱ्यामुलाच्या वडिलांनी सगळ्या गाद्यांवर स्वतः लोळून एक निवडली. मुलगा आणि होणारी सून खाली माना घालून उभे होते. ती गादी कोणी वापरली कोण जाणे.

बायकांकडे मात्र मला घरी जावं लागायचं आणि पहिल्याच प्रश्नाला गाडी अडायची. "तुम्ही झोपता कशा?" कोणाला सांगताच यायचं नाही. चामराजपेटेतल्या एका गृहिणीनं मला दिलेलं उत्तर मी पुढं पुष्कळांना ऐकवलं. "बाई, मी सगळ्यांच्या शेवटी निजते नि सगळ्यांच्या आधी उठते. मधलं मला काय ठाऊक?" मग मी अंग बघून ओळखायला शिकले. कोणता खांदा खाली, कोणत्या गुडघ्यावर हात ठेवून उठते, कूस बदलताना तोंड कसं करते.

तुंगक्कांकडे मी गेले तेव्हा मला हे सगळं येत होतं.

तुंगाबाई त्यांचं नाव, पण सगळी पेठ त्यांना तुंगक्का म्हणायची. ऐन विशीत विधवा झालेल्या. एकच मुलगा, श्रीपतराव, सरकारी कचेरीत होते. तुंगक्कांचं वय साठीच्या पुढं. डोक्यावरून विधवेचं लाल आलवण, अंग काटकुळं, आवाज खणखणीत. न्हाणीघरात पाय घसरून त्यांचा उजवा खुबा मोडला. दवाखान्यात पायाला वजनं बांधून बरेच आठवडे ठेवलं आणि घरी सोडताना डॉक्टरांनी श्रीपतरावांना बजावलं: जमिनीवर निजायचं नाही. खाली बसून उठताना त्या हाडावर जोर आला तर पुन्हा मोडेल आणि मग त्या उठणार नाहीत. गुडघ्याच्या उंचीचा पलंग आणि त्यावर चांगली गादी. एवढं केलं तर काठी घेऊन चालतील.

श्रीपतराव दुकानात आले ते घामाघूम होऊन.

"पलंग आणलाय. त्यावर चढायला तयार नाही. म्हणते, विधवेनं गादीवर निजायचं नसतं. नवरा गेल्यापासून घोंगडीवर निजते ती. तुम्ही बायका बायकांत समजावून बघा."

मी एक मध्यम गादी हातगाडीवर घालून घेऊन गेले. तुंगक्का ओसरीवर घोंगडीवर होत्या. सून, कमला, त्यांच्या पाठीला उशी लावत होती. तुंगक्कांनी हात लांब करून गादीवर तळवा ठेवला. तो आत गेला. लगेच काढून घेतला.

"ही तर सवाष्णीची गादी."

"तुंगक्का, गादीला कोण सवाष्ण नि कोण विधवा?"

"तुम्ही शिकलेल्या. तुम्हाला नसेल कळत, मला कळतं. न्या परत. कोणा नव्या नवरीला द्या."

कमला हळूच म्हणाली, "अत्तेबाई, डॉक्टर म्हणाले ना..."

"डॉक्टरला विचार, तो माझ्या मुलाच्या आयुष्याची जामिनी घेतो का. मी नेम मोडला आणि श्रीपतीला काही झालं तर?"

श्रीपतराव दारात उभे होते. पन्नाशीकडे झुकलेला माणूस, चष्मा पुसत राहिला.

मी वाद घातला नाही. मला घरातल्या अशा नेमांची सवय होती. मी विचारलं, "घोंगडीइतकं कठीण असेल तर चालेल?"

त्यांनी थोडा विचार केला. "कठीण असेल तर ते गादी कसलं? फळीच की. फळीला दोष नाही."

आमच्याकडची सगळ्यात कठीण गादी दुसऱ्या दिवशी नेली. त्यांनी मूठ आपटून बघितली. "सरी, ठीक," म्हणाल्या. "हिच्यावर घोंगडी घाला. कापसाला मी शिवणार नाही." आम्ही दोघींनी त्यांना उचलून वर ठेवलं. उजवी बाजू मोडलेली, म्हणून त्या डाव्या कुशीवर वळल्या. तिथंच मला धसका बसला. अंगावर मांस नव्हतंच. खुब्याचं हाड थेट कापडावर. कमलाशी बोलत तासभर वाट पाहिली आणि मग त्यांना थोडं वळवून, आलवण बाजूला करून बघितलं. खुब्यावर लाल वर्तुळ उमटलं होतं. अंगठ्यानं दाबून सोडलं तरी लाली गेली नाही. दवाखान्यांना गाद्या देत असल्यामुळं मला ते चांगलं माहीत होतं. जी लाली दाबून जात नाही, तिथं आठवड्याभरात कातडी फुटते.

म्हणजे मऊ गादी त्या घेणार नव्हत्या आणि कठीण गादी त्यांना सोसणार नव्हती. जमिनीवर तर हाड रुतणं आणि उठताना मोडायची भीती, दोन्ही.

कारखान्यात मुनियप्पा म्हणून आमचा स्प्रिंगा वळणारा मेस्त्री होता. आम्ही दोघांनी मालकांसमोर बसून एक गादी ठरवली. कडा आणि पायाकडचा भाग जाड तारेचा. खांदा आणि खुबा येतो तेवढ्याच ओळी बारीक तारेच्या. वर कापूस अगदी कमी, काथ्याचा थर घट्ट शिवलेला, म्हणजे हाताला कठीण लागेल पण हाडाखाली बसेल. मालक म्हणाले, "एका म्हातारीसाठी एवढा खटाटोप?" आणि मग स्वतःच मुनियप्पाला कुठल्या ओळीपासून तार बदलायची ते आखून दिलं.

मी तुंगक्कांना खोटं सांगितलं नाही. "कठीणच आहे," म्हटलं, "फक्त हाड येतं तिथं तार बारीक घातली आहे. रुतू नये म्हणून."

त्यांनी पुन्हा मूठ आपटली. "तार बारीक काय नि जाड काय. मला दगड लागतो तेवढा पुरे." आणि घोंगडी घालून घेतली. त्या कुशीवर वळल्या, मी मागं उभी राहिले. मानेपासून खालपर्यंत कणा एका रेषेत आला होता. तेवढं बघून निरोप घेतला नि निघाले. रस्त्यात मला फार बरं वाटत होतं, हे लपवत नाही. त्या काळात आमच्या कामात शाबासकी द्यायला कोणी नसे. आपली आपणच घ्यायची.

नवी गादी दिल्यावर थोड्या दिवसांनी जाऊन विचारपूस करायची आमची पद्धत होती. मी गेले तर पलंग भिंतीला लावलेला, गादीवर चादर ताणून घातलेली, सुरकुती नाही. तुंगक्का खाली घोंगडीवर.

"हे काय? टोचली का?"

"टोचली असती तर वर असते मी."

कमला पाणी द्यायच्या निमित्तानं जवळ आली आणि कानाशी म्हणाली, "एकदाच निजल्या. सकाळी हट्ट धरून खाली उतरल्या. कोणाचं ऐकत नाहीत. पाठीला फोड आलाय."

"कानात काय सांगतेस, मोठ्यानं सांग," तुंगक्का म्हणाल्या. "आणि आत जा. मला या बाईंशी बोलायचंय."

कमला गेली. तुंगक्कांनी मला जमिनीवर बसायला खुणावलं.

"तुम्ही मला फसवलंत असं मी म्हणत नाही. तुमची गादी चांगली आहे. चांगली आहे हाच तिचा दोष."

"म्हणजे?"

"मला जमिनीवर सलग झोप लागत नाही. कधीच नाही. जाग येते, कूस बदलते, नाव घेते, परत पडते. त्या रात्री पडले ती एकदम उजाडलंच. आणि उजाडल्यावर मला कळेना मी कुठं आहे. हात आपोआप कपाळाकडे गेला. कुंकू फिसकटलंय का बघायला."



"लग्न झाल्यावर रोज उठल्या उठल्या तेच करायचे मी. सासूबाई हसायच्या. एवढी वर्षं झाली, हात विसरला नव्हता. तो इथं लागला," त्यांनी मोकळ्या कपाळाला बोट लावलं, "आणि मग मला कळलं. हे गेले ते. आज गेल्यासारखं कळलं. बाई, ते एकदा कळलंय मला. तेवढं पुरे. रोज सकाळी नव्यानं कळून घ्यायची ताकद नाही माझ्यात."

मी बी.ए. होते, मला तीन भाषा येत होत्या. आणि सुचली ती गादीच. म्हटलं, "दुसरी आणते. खरोखर कठीण. सगळीकडं जाड तार."

"नको. आणि तिच्यावरही झोप लागली तर?"

"पण तुंगक्का, पाठीचा फोड वाढेल. उठताना पडलात तर..."

"पडेन." त्या हसल्या. दात शाबूत होते. "स्वल्प सरका, ऊन येतंय अंगावर, ते तरी घेऊ द्या."

मी श्रीपतरावांना बाहेर गाठून सांगितलं की काहीही करून त्यांना वर ठेवा, दोन्ही बाजूंनी कापडानं बांधा हवं तर. ते म्हणाले, "आईला बांधू?" मी डॉक्टरांना बोलवा म्हटलं. डॉक्टर आले, रागावले, गेले. नेम मोडला तर मुलाला काही होईल, ही तुंगक्कांची भीती बाहेरच्यांना सांगायला होती. मला सांगितलेलं त्यांनी मुलाला सांगितलं नव्हतं. मीही सांगितलं नाही. ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकण्यासारखं नव्हतं.

पाठीची जखम चिघळली. उठून बसताना हाड पुन्हा मोडलं. दवाखान्यात न्यायला त्यांनी नकार दिला. थंडी संपायच्या आत त्या गेल्या, घोंगडीवरच.

त्यानंतर आठवडाभरानं श्रीपतराव दुकानाच्या दाराशी आले. डोकं भादरलेलं. सुतकात होते म्हणून आत आले नाहीत, कशाला हात लावला नाही. मी बाहेर गेले.

"तेराव्याच्या आधी एक गादी हवी. शय्यादान करायचंय. पलंग, गादी, उशी, पांघरूण, सगळं नवं द्यावं लागतं. गुरुजी म्हणाले, जे देऊ त्यावर तिकडे आई निजते."

"घरी ती आहे ना?"

"विचारलं मी. गुरुजी म्हणाले, तिच्यावर कोणी निजलंय का? म्हटलं आई, एकदाच. म्हणाले, मग ती वापरलेली झाली. दानाला नाही चालत."

रस्त्यावरून एक जटका गेला, घोड्याला वाट द्यायला आम्ही दोघं कडेला झालो.

"कशी करू?" मी विचारलं.

"मऊ करा. तिकडे तर बाबा आहेत. आता तिची हरकत नसेल." मग एकदम म्हणाले, "मऊ, कठीण मला काय कळतं? तुम्ही तिला बघितलंय. तिला लागेल तशी करा."

मुनियप्पाला मी तीच गादी पुन्हा करायला सांगितली. त्याच ओळींत बारीक तार. फक्त वर कापसाचा जाड थर घातला, हात लावला की आत जाईल असा. अशी गादी शिवून झाली की बाहेर पाठवण्याआधी कोणीतरी तिच्यावर पडून बघायचं असतं. आमच्याकडं मीच बघायची. या गादीवर मी पडले नाही. ती तशीच, कोणी अंग न टेकलेली पाठवली. कमला नंतर भेटली तेव्हा म्हणाली की दान देताना श्रीपतरावांनी गादीवर दोन्ही हात ठेवले ते काढेनात. गुरुजींना दोनदा मंत्र म्हणावा लागला.

दानाची गादी गुरुजींच्या घरी गेली. गुरुजी अंगानं भरभक्कम होते आणि पाठीवर झोपायचे. पुढच्याच महिन्यात श्रीपतरावांच्या हाती त्यांचा निरोप आला. गादी कमरेत खाली बसते, सकाळी पाठ दुखते, बदलून मिळेल का. मुनियप्पा म्हणाला, "अक्का, मधल्या ओळी काढून जाड तार घालू. अर्ध्या दिवसाचं काम." मालकही हो म्हणाले. तक्रार आलेली गादी आम्ही नेहमी दुरुस्त करून द्यायचो.

मी नाही म्हटलं. श्रीपतरावांना सांगितलं की गुरुजींची तक्रार खरी आहे, त्यांच्या वजनाला ती बसणारच. त्यांना दुसरी गादी हवी असेल तर मी माझ्या पगारातून करून देईन. पण या गादीची तार बदलणार नाही, कारण तिच्यावर निजणारं माणूस डाव्या कुशीवर निजतं.

ते समजले. खिशातून रुमाल काढून तोंड पुसलं, आणि गुरुजींना काय सांगायचं ते आपण बघू, असं म्हणून गेले.